ब्रासचा हिशेब आणि जागेचा हिशेब

कायद्याच्या परिभाषेत खडी हे ‘गौण खनिज’ आहे. १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमाने इमारती दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू यांना एका पंक्तीत बसविले आणि त्यांच्यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट यांच्या मानाने खडीचे मोल कमी, म्हणून ती गौण. एवढाच या विशेषणाचा मूळ अर्थ असावा. परंतु ज्या वस्तूला एकदा गौण म्हटले, तिच्याकडे शासनही त्याच दृष्टीने पाहू लागते आणि समाजही. वस्तुतः जगात वाळू व खडी यांचा वर्षाचा खप सुमारे ५,००० कोटी टन असावा, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ मधील अंदाज आहे. पाण्याखालोखाल मनुष्य ज्या पदार्थाचा सर्वाधिक उपयोग करतो, तो हा ‘गौण’ पदार्थ होय.

हा विषय आज काढण्याचे कारण रायगडच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. मांडवा हे मुंबईच्या समोरचे बंदर. गेट वेहून येणाऱ्या लाँचींमुळे ते मुंबईकरांना पूर्वापार परिचित होतेच. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. मांडवा, सासवणे, किहीम, झिराड, चोंढी या पट्ट्यात बंगले, हॉटेले, रस्ते आणि कुंपणाच्या भिंती वाढत आहेत, हे तेथून जाणाऱ्या कोणालाही दिसते. या प्रत्येक बांधकामाच्या पोटात खडी आहे. ती कोठून यावयाची, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

वाळूकडून दगडाकडे

किनाऱ्यावरून ती घेता येत नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, तेव्हापासून त्या क्षेत्रातील वाळू व खडक उपसण्यावर कडक निर्बंध आहेत. निर्बंध असले तरी उपसा थांबत नाही, हेही याच किनाऱ्याने पाहिले आहे. किहीमच्या किनाऱ्यावरील वाळूच्या चोरट्या उपशाला विरोध करणाऱ्या सुमेरा अब्दुलअली यांच्यावर २००४ मध्ये हल्ला झाला. पुढे त्यांच्या ‘आवाज फाउंडेशन’ने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१० च्या सप्टेंबरमध्ये राज्यभरातील वाळू उपशावर बंदी घातली. ती बंदी कालांतराने नव्या धोरणानंतर उठली. पण वाळू हा प्रश्न आहे, एवढे तरी तिच्यामुळे राज्याच्या ध्यानात आले.

त्या प्रश्नावर शासनाने शोधलेले उत्तर म्हणजे कृत्रिम वाळू. दगड फोडून, दळून केलेली ही वाळू बांधकामाला चालते आणि तिच्यामुळे नदीचे पात्र वाचते. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने या वाळूचे धोरण मंजूर केले. प्रत्येक जिल्ह्यात पन्नास केंद्रांना सवलती द्यावयाच्या आणि स्वामित्वधन प्रति ब्रास ६०० रुपयांऐवजी २०० रुपये आकारावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. नद्यांच्या बाबतीत या धोरणाचा हेतू स्वच्छ आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कृत्रिम वाळू आकाशातून पडत नाही. तिच्यासाठी लागणारा दगड डोंगरातून काढावा लागतो. किनारा वर्ज्य, खाडी वर्ज्य, नदी वर्ज्य. मग उरतो तो डोंगराचा पायथा. मांडव्याच्या बाबतीत बोलावयाचे, तर समुद्र आणि कनकेश्वराचा डोंगर यांच्यामधली आणि त्या डोंगराच्या पलीकडची चढाची जमीन.

जे मोजले जाते आणि जे मोजले जात नाही

उद्या या पट्ट्यातील एखाद्या गट नंबरात खडीच्या खाणीचा अर्ज आला, असे समजू. खाण लहानच धरू: एक हेक्टर क्षेत्र आणि दहा मीटर खोली. एवढ्यातून एक लाख घनमीटर दगड निघेल. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. दगड फोडल्यावर त्याचे आकारमान वाढते ते सोडून दिले, तरी हा माल ३५,००० ब्रासांच्या वर जातो. ६०० रुपये दराने शासनाला सुमारे दोन कोटी बारा लाख रुपये मिळतील; तोच दगड कृत्रिम वाळूसाठी गेला, तर सुमारे सत्तर लाख. चार ब्रासच्या डंपराने हा माल हलवावयाचा म्हटले, तर पावणेनऊ हजारांच्या आसपास खेपा होतील आणि तितक्याच वेळा रिकामे डंपर परत येतील. हे काम एका वर्षात उरकावयाचे, तर वर्षाचे अडीचशे दिवस रोज पस्तीस भरलेले आणि पस्तीस रिकामे डंपर त्याच गावरस्त्याने धावतील.

या हिशेबात ब्रास मोजला गेला, रुपया मोजला गेला. जागा मात्र कोठेच आली नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत विशद केली. उत्पादक स्वतः जो खर्च सोसतो, त्यापलीकडे काही खर्च तो नकळत वा कळूनसवरून शेजाऱ्यांच्या अंगावर टाकतो. तो खर्च किमतीत आला नाही, तर वस्तू कृत्रिमरीत्या स्वस्त होते आणि गरजेपेक्षा अधिक वापरली जाते, असे ते प्रतिपादन आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना हे शिकविताना धुराड्याच्या धुराचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. कोकणातल्या विद्यार्थ्याला खडीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल.

जागेच्या पोटात काय असते

आपल्या भागातला दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग घट्ट पाषाण, अशी सामान्यतः रचना असते. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठते मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. गावाची विहीर याच साठ्यावर जगते. खाणवाल्याच्या दृष्टीने माती आणि मुरूम म्हणजे बाजूला सारण्याचा वरचा कचरा; विहिरीच्या दृष्टीने तेच तिचे भांडार. खाण सुरू करताना पहिल्या महिन्यातच जे खरवडून काढले जाते, त्यात गावाच्या पाण्याचे कोठार असते, हे अर्जाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

खाण भूजलपातळीच्या खाली गेली, की तिच्यात पाणी भरते आणि काम चालू ठेवण्यासाठी ते पंपाने उपसावे लागते. तो उपसा आसपासच्या विहिरींतूनच होत असतो. किनाऱ्यालगत याला आणखी एक पदर आहे. जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सच्छिद्र जमिनीत समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी राहते, असे जलशास्त्रातील एक जुने सूत्र सांगते. आपल्या भेगाळ पाषाणात हा आकडा जसाच्या तसा लागू पडणार नाही. परंतु वरची पातळी थोडी उतरली तर खालचे खारे पाणी कितीतरी अधिक वर येते, हे तत्त्व टळत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीला विहिरीचे पाणी मचूळ झाल्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात ढीग घालून ठेवलेली माती व मुरूम पहिल्या झडीत ओहोळात उतरतात, ओहोळ भरून भातखाचरात पसरतो आणि उरलेला गाळ खाडीकडे जाऊन खारभूमीच्या बांधांची उघाडी बुजवितो. भाताच्या मागून याच तालुक्यात पांढरा कांदा घेतला जातो. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपण अभिमान बाळगतो. त्या मानांकनाचा अर्थच असा, की या कांद्याचा गुण या मातीत आणि या हवेत आहे. ती माती वाहून गेली किंवा त्या पातीवर क्रशरची धूळ बसली, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि कांदा राहणार नाही.

तिसरी गोष्ट उताराची. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही गावे दरडीखाली गेली. त्या दुर्घटनांचा दोष खाणींवर टाकणे अन्यायाचे होईल. तेथे तीव्र उतार आणि अतिवृष्टी ही कारणे पुरेशी होती. पण आपल्या जिल्ह्यातील उतार पावसात किती नाजूक असतात, याची साक्ष त्यांनी दिली आहे. अशा उताराचा पायथा कापताना, पायऱ्या न ठेवता उभी भिंत सोडताना आणि वर पाण्याला वाट न देताना आपण काय करीत आहो, याचा विचार करावयास आणखी साक्षीची गरज असू नये.

आणि चौथी गोष्ट सुरुंगाची. केरळमधील एका तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादापुढे आलेल्या प्रकरणात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये असे सुचविले, की सुरुंग न लावणारी दगडखाण वस्तीपासून किमान १०० मीटर आणि सुरुंग लावणारी किमान २०० मीटर दूर असावी. कोकणातील वस्ती वाड्यावाड्यांनी विखुरलेली असते. नकाशावर गावठाण दाखविले जाते, आणि त्याबाहेर डोंगराच्या कडेला असलेली ठाकरांची वा कातकऱ्यांची वाडी पुष्कळदा दाखविलीच जात नाही. अंतर कोठून मोजावयाचे, हा म्हणूनच केवळ फुटपट्टीचा प्रश्न राहत नाही.

लहान म्हणून सुटलेले

मोठ्या प्रकल्पांची निदान चर्चा होते. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. तो निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी दोन मते असू शकतात. पण त्याचे अहवाल झाले, सुनावण्या झाल्या, वृत्तपत्रांनी त्यावर लिहिले. चार हेक्टरांच्या खाणीवर कोणी लिहीत नाही. अशा दहा खाणी एका डोंगराला लागल्या, तर तो डोंगर उलव्याच्याच वाटेने जातो. फरक इतकाच, की त्याची बातमी होत नाही.

ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने ओळखली होती. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळली जाते, याकडे त्या निर्णयाचा रोख होता. त्यानंतर केंद्र सरकारने १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवालाची पद्धत आणली आणि परस्परांपासून ५०० मीटरांच्या आतील खाणी एक समूह म्हणून मोजण्याची तरतूद केली. मात्र त्याच अधिसूचनेने लहान पट्ट्यांची मंजुरी जिल्हा पातळीवर सोपी करून टाकली, आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये हरित लवादाला तिच्यात सुधारणा करण्यास सांगावे लागले. रस्त्यासारख्या लांबलचक कामांसाठी साधी माती काढण्यास २०२० मध्ये दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. कायद्याची वाटचाल अशी दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे चाललेली आहे. उणीव नियमांची नाही. खाण सुरू होण्यापूर्वी ती जागा कशी होती, याची विश्वसनीय नोंद गावापाशी नसते, ही खरी उणीव आहे. विहीर आटली, तर ती आधीच आटत होती असे सांगितले जाते. भिंतीला तडा गेला, तर तो जुनाच होता असे म्हटले जाते. पुरावा नसलेल्या गावकऱ्याचे गाऱ्हाणे तहसील कचेरीच्या दप्तरात पडून राहते.

खडीवाचून चालेल काय?

येथे कोणी म्हणेल, की घरे तर सर्वांनाच हवीत. शाळेची इमारत, दवाखाना, बंदराचा धक्का यांना खडी लागतेच. आणि खाण, क्रशर व डंपर यांवर स्थानिक तरुणांचीच पोटे आहेत. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. खडीच्या प्रत्येक खाणीला विरोध करणे हे सिमेंटच्या घरात बसून करावयाचे काम नव्हे. शिवाय या किनाऱ्यावर एक विसंगती ठळकपणे दिसते. शनिवार-रविवारसाठी बांधलेल्या बंगल्याच्या मालकाला डोंगराचे दृश्य हवे असते, त्याच्या कुंपणाला मात्र त्याच डोंगराचा दगड लागतो. दगड दुसऱ्याच्या गावातून यावा, एवढाच त्याचा आग्रह. पर्यावरणाची ही कळकळ म्हणजे ओझे एका गावावरून दुसऱ्या गावावर ढकलणे होय, आणि ते दुसरे गाव बहुधा अधिक गरीब असते.

म्हणून मुद्दा खाण हवी की नको हा नाही. खडीची खरी किंमत कोणी द्यावयाची, हा आहे. ब्रिटनने १ एप्रिल २००२ पासून वाळू, खडी व फोडलेला दगड यांवर टनामागे १.६० पौंडांचा स्वतंत्र कर बसविला. खाणीमुळे परिसराला जी झीज लागते, ती किमतीत यावी आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा पुन्हा वापरला जावा, हा त्याचा हेतू होता. आपण नेमके उलट करीत आहो. नदी वाचविण्यासाठी डोंगराचे स्वामित्वधन एक तृतीयांशावर आणले, आणि त्यातून डोंगराला जे सोसावे लागेल, त्याची किंमत शून्य धरली.

काय करावयास हवे

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. पहिला असा, की कोणत्याही दगडखाणीला परवाना देण्याआधी त्या जागेची एका पूर्ण वर्षाची नोंद व्हावी. एक किलोमीटरच्या आतील विहिरींची मे महिन्यातील आणि पावसानंतरची पातळी, पाण्याचा खारेपणा, ओहोळांच्या वाटा, उताराचे मोजमाप, घरांच्या भिंतींची छायाचित्रे, आणि नकाशात नसलेल्या वाड्या, हे सारे त्या नोंदीत असावे. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. या खर्चाचा बोजा अर्जदाराने उचलावा. मोजणी मात्र त्याच्या माणसांनी करू नये.

दुसरा उपाय, खाण गटनिहाय न मोजता डोंगरनिहाय मोजावी. एका डोंगराने किती कापणी सोसावयाची, हे आधी ठरावे आणि मग पट्टे द्यावेत. तिसरा, अनामत रक्कम ब्रासवर न ठरविता जागा पूर्ववत करण्याच्या खर्चावर ठरवावी. वरची माती वेगळी साठवून शेवटी परत पसरली गेली, पायऱ्या नीट केल्या गेल्या आणि खड्ड्याभोवती कुंपण झाले, तरच ती परत मिळावी. चौथा, २०१५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा प्रथम त्या विहिरींवर आणि त्या रस्त्यावर खर्च व्हावा, ज्यांच्यावरून खडी गेली.

या कामात सामान्य सुशिक्षितांनाही करण्यासारखे बरेच आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस ठेवला जातो आणि त्यावर हरकती घेता येतात. ते एकवीस दिवस बहुतेक वेळा कोणाच्याही नकळत निघून जातात. शाळेतील शिक्षक आपल्या गावापुरते पान वाचू शकतो. कचेरीतला कारकून आपल्या वाडीचे नाव त्यात आहे की नाही, ते तपासू शकतो. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी गावोगाव होतात. रस्ता झाडण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी दोरी आणि फीत घेऊन गावातील विहिरी मोजल्या आणि ते आकडे दरवर्षी एकाच वहीत उतरविले, तर दहा वर्षांत त्या गावापाशी असा पुरावा जमेल, की जो कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा न्यायालयात अधिक वजनदार ठरेल.

मांडव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्याला आज मागे हिरवा डोंगर दिसतो. तो तसाच राहील, असे वचन कोणी देऊ शकत नाही. मुंबईच्या इतक्या जवळ आलेल्या भूमीला बदल चुकणार नाही. परंतु त्यातून किती दगड गेला, हे जसे शासनाच्या दप्तरात लिहिलेले असते, तसेच त्या दगडाबरोबर काय काय गेले, हेही कोठे तरी लिहिलेले असले पाहिजे. पहिला हिशेब कोणी तरी ठेवतो, कारण त्यातून महसूल मिळतो. दुसरा हिशेब गावालाच ठेवावा लागेल, आणि तो पहिला सुरुंग उडण्यापूर्वी सुरू करावा लागेल.